केबिनएवढी बॅटरी

वीज मोजायला आलेला इंजिनीअर लाँड्रीत शिरला तसा त्याचा चष्मा वाफेने पांढरा झाला, आणि "नमस्कार, मालक" हे तो कपड्यांच्या ट्रॉलीला म्हणाला. मालक शेजारीच उभा होता. तो ट्रॉलीपेक्षा फारसा बोलका नसल्यामुळे चूक लगेच कुणाच्या लक्षात आली नाही.

"बाबा, बोला ना," मुलगी म्हणाली. इंजिनीअरला तिनेच बोलावलं होतं.

"नमस्कार," मालक म्हणाला. इंजिनीअरने चष्मा पुसला, ट्रॉलीची माफी मागितली आणि मग मालकाचीही मागितली.

लाँड्री मोठी होती. दवाखान्याच्या चादरी, हॉटेलचे टॉवेल आणि एका फुटबॉल क्लबचे चिखलाने माखलेले कपडे तिथे यायचे. पाणी तापवून धुणारी दोन वॉशिंग मशीनं होती, दोन ड्रायर होते आणि चादरी दाबून काढणारा एक लांबलचक रोलर होता. धुण्याचं आणि सुकवण्याचं काम पैलवान बघायचा. त्याला पैलवान म्हणायचं कारण असं की जोराचा पंखा लावला तर तो आधार शोधायचा. रोलरवर मावशी होती. ती कुणाची मावशी होती हे कुणालाच माहीत नव्हतं, पण बोलणी मात्र सगळ्यांनाच खावी लागायची.

आणि मधोमध, विजेच्या मुख्य पॅनलला लागून, काचेची एक केबिन होती. मालकाची बायको होती तोवर ती दिवसभर तिथे बसायची. काच सरकवायची आणि ओरडायची, "पैलवान, दुसरं मशीन थांबव! मावशी, आता लावा रोलर!" विजेचा विचार तिने कधी केला असेल असं नाही. पाचही मशीनं एकदम सुरू झाली की तिचं डोकं दुखायचं, एवढंच. पण तिच्या डोकेदुखीमुळे लाँड्रीत कधी सगळं एकदम चाललं नाही.

गेल्या थंडीत ती गेली. केबिनचं दार बंद झालं. मग ज्याच्या मनाला येईल तेव्हा तो आपलं मशीन लावू लागला, आणि सोमवारी सकाळी, म्हणजे सुट्टीचा ढीग येऊन पडला की, पाचही मशीनं एकदम वीज ओढू लागली. वीज कंपनीचा हिशोब असा की महिनाभर तुम्ही कितीही शहाण्यासारखे वागा, एखाद्या सकाळी पाव तास जरी अधाशीपणा केलात तरी महिन्याचं बिल त्या पाव तासावर ठरणार. त्यातून मंजूर भाराच्या वर गेलात तर दंड. कंपनीने दोनदा दंड लावला होता आणि आता पुन्हा वर गेलात तर वीज तोडू, असं कळवलं होतं.

मुलीने वेळापत्रक लावून पाहिलं. पण दवाखान्याच्या चादरी वेळापत्रक वाचून येत नाहीत. मग मालकाने स्वतः ओरडून पाहिलं. त्याचा आवाज असा की वॉशिंग मशीनच्या खडखडाटात पैलवानाला तो जांभई देतोय असं वाटलं, आणि त्याने आदराने विचारलं, "मालक, घरी जाऊन पडता का जरा?"

म्हणून आता बॅटरी.

"सोपं आहे," इंजिनीअर म्हणाला. "मशीनं निवांत असतात तेव्हा बॅटरी थोडी थोडी वीज भरून घेते. सगळी एकदम लागली की वरचा भार ती उचलते. कंपनीच्या मीटरला पत्ताच लागत नाही."

"केवढी लागेल?" मुलीने विचारलं.

"तेच तर मोजायचं! समजा तुम्हाला लोखंडी कपाट उचलून धरायचंय. तर दोन गोष्टी बघायच्या. उचलायला माणसं किती लागतील, आणि ती किती वेळ धरून उभी राहू शकतील. बॅटरीचंही तसंच. भार किती उंच जातो आणि किती वेळ वर राहतो." त्याने हाताने हवेत एक डोंगर काढला आणि त्याच्याकडे मायेने बघत राहिला. "आठवडाभर मी पॅनलला एक डबा जोडून ठेवतो. तो सगळं टिपेल. त्यावरून माप काढू."

"आणि ठेवायची कुठे?" मावशीने रोलरवरून विचारलं. "इथे पाय ठेवायला जागा नाही. हा पैलवान आडवा होतो तेव्हा कुठे मला जायला वाट मिळते."

इंजिनीअरने चष्मा पुन्हा पुसला आणि आजूबाजूला पाहिलं. "जागा कोरडी हवी, थंड हवी आणि पॅनलच्या जवळ हवी." त्याची नजर काचेवर थांबली. "अरे वा! ही खोली तर अगदी बॅटरीसाठीच बांधल्यासारखी आहे. काय आहे हिच्यात?"

दोन चादरी रोलरमधून आपल्या आपण बाहेर आल्या आणि खाली पडल्या.

"आईची केबिन आहे," मुलगी म्हणाली. "पण... काही नाही. रिकामी करता येईल."

मालकाने घसा साफ केला. "आणि बॅटरी लहान असली तर?"

"लहान असली तर प्रश्नच नाही. पॅनलशेजारी भिंतीवर टांगू. पण मोजल्याशिवाय कसं सांगू?"

तो डबा जोडून निघून गेला. डब्यावर एक हिरवा दिवा लुकलुकू लागला. मालक त्या दिव्याकडे पाहत उभा राहिला. शाळेत गणिताने त्याच्या नाकी नऊ आणले होते, पण हे गणित त्याला झटक्यात सुटलं. आठवडाभर भार वर गेलाच नाही, तर बॅटरी लहान. बॅटरी लहान, तर ती भिंतीवर. आणि ती भिंतीवर गेली, तर केबिनला कुणी हात लावायचं कारण नाही. तिथे खुर्चीच्या पाठीवर अजून तिचा स्वेटर होता. तो कधीतरी घरी न्यायचा, असं मालक रोज ठरवायचा आणि रोज विसरल्यासारखं करायचा.

दुसऱ्या दिवसापासून त्याने कामाला सुरुवात केली. पैलवान पाणी प्यायला गेला की मालक हळूच एका ड्रायरचं बटण बंद करायचा आणि छताकडे बघत चालू लागायचा. मावशी चादरी मोजायला वळली की रोलरची उष्णता कमी. आयुष्यात त्याने कधी फुकटचं पेनही उचललं नव्हतं, त्यामुळे चोरी कशी करतात याची त्याला कल्पना नव्हती. बटण बंद करताना तो शीळ वाजवायचा. त्याला शीळ वाजवता येत नव्हती.

पण एक गोष्ट त्याला कळेना. बंद करायला जावं तर मशीन आधीच बंद! दुसऱ्या ड्रायरकडे जावं तर तोही गार. एकदा तर त्याने वॉशिंग मशीनच्या पाण्यात बोट घातलं. पाणी विहिरीसारखं थंड होतं.

"पैलवान, पाणी गार कसं?"

"गार?" पैलवानाने कानावर हात ठेवले. "मला तर पोळलं, मालक."

मग फोन सुरू झाले. हॉटेलचा मॅनेजर म्हणाला, आमचे पाहुणे अंघोळ करून टॉवेलने अंग पुसतात तर आणखी भिजून बाहेर येतात, हे काय आहे? दवाखान्यातून फोन आला की चादरींना इतक्या सुरकुत्या आहेत की डॉक्टरांनी एका पेशंटच्या पाठीवर पुरळ आलंय म्हणून औषध लिहिलं. फुटबॉल क्लबचा माणूस तर स्वतः आला. ओले कपडे घालून अख्खा संघ शिंकत खेळला होता, आणि गोलकीपरने शिंकताना जो बॉल सोडला त्यावर सामना गेला.

"हवा दमट आहे," मालक म्हणाला.

"हवा दमट आहे," मुलगी त्याच क्षणी म्हणाली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

आठवडा संपायच्या आतच इंजिनीअर काळजीत पडून आला. डब्यातली नोंद त्याला त्याच्या ऑफिसमध्ये बसून दिसत होती.

"डबा बिघडलाय," तो म्हणाला. "माझा तरी असाच अंदाज आहे. हा आलेख बघा! डोंगर नाही, टेकडी नाही, साधा उंचवटासुद्धा नाही. सोमवारी सकाळी तुम्ही लाँड्री बंद ठेवली होती का?"

"नाही," मुलगी म्हणाली.

"मग चालू होतं तरी काय?"

"दिवे होते," मावशी म्हणाली.

"याच्यावरून माप काढलं तर तुमची बॅटरी जेवणाच्या डब्याएवढी येते! आणि खरं सांगायचं तर तीही नको. मी दुसरा डबा जोडतो आणि आज इथेच बसतो. मालक कुठे आहेत? मला त्यांच्याशी बोलायचंय."

मालक ड्रायरच्या मागे होता. 'मालक कुठे आहेत' हे शब्द ऐकून तो पळायला वाट शोधू लागला. मागच्या दाराकडे जावं तर वाटेत कपड्यांचा ढीग होता. पुढे जावं तर इंजिनीअर. शेजारी फक्त केबिनचं दार होतं. इतके महिने त्याने ते उघडलं नव्हतं. आता उघडलं, आत शिरला आणि टेबलाखाली बसला.

थोड्या वेळाने त्याचे गुडघे बोलू लागले. इंजिनीअर पॅनलमध्ये डोकं घालून बसला होता, त्याची पाठ केबिनकडे होती. मालक हळूहळू उठला आणि खुर्चीवर बसला. स्वेटर पाठीला लागला. त्याने मान वर केली, आणि बसल्या जागी अख्खी लाँड्री त्याच्यासमोर होती. पाचही मशीनं, पाचही बटणं, सगळ्यांचे हात. इथून काही लपत नव्हतं.

म्हणून त्याला सगळं दिसलं.

पैलवानाने आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे पाहिलं, आणि पोटाने वॉशिंग मशीनच्या पाणी तापवायच्या बटणावर रेलून ते बंद केलं. पोट नसल्यामुळे त्याला हे दोनदा करावं लागलं. मावशी एक चादर झटकल्याचं नाटक करत रोलरपाशी गेली, चादरीआडून हात घातला, आणि रोलर गार झाला. मग तिने त्या गार रोलरवर ओली चादर सरळ करायला दोन्ही हातांनी अशी रगडली की तिचा चेहरा लाल झाला. जाता जाता तिने पैलवानाचा एक ड्रायर बंद केला. पैलवानाने तो चालू असेल या समजुतीने पुन्हा दाबला, त्यामुळे तो सुरू झाला, आणि दोघंही आपण मोठं काम केलं अशा तोऱ्यात निघून गेले.

मालकाला हसू फुटलं. किती दिवसांनी फुटलं होतं, त्यामुळे ते आधी खोकल्यासारखं बाहेर आलं.

मग त्याला मुलगी दिसली.

ती त्या ड्रायरपाशी उभी होती. वीज कंपनीशी भांडणारी ती, दंड भरणारी ती, इंजिनीअरला शोधून आणणारीही तीच. बॅटरी कमी पडून वीज तुटली असती तर गिऱ्हाइकांना तोंड द्यायला तीच पुढे उभी राहिली असती. आणि आता ती बटणावर बोट ठेवून चोरासारखी इकडेतिकडे बघत होती. तिने बटण दाबलं. मग ती केबिनकडे वळली, नुसतं रोज बघत असेल तसं बघायला, आणि काचेमागे आईच्या खुर्चीवर तिला बाप दिसला.

ती किंचाळली. पैलवानाने किंचाळी ऐकली, केबिनकडे पाहिलं आणि तोही किंचाळला. इंजिनीअरचं डोकं पॅनलच्या दारावर आपटलं.

मालकाने काच सरकवली. ती बायकोच्या हाताने सरकायची तशी सरकली नाही, अर्ध्यावर अडली. फटीतून तो म्हणाला, "ड्रायर कुणी बंद केला?"

"मी नाही," तिघं म्हणाली.

"मी बघितलंय."

"मग विचारता कशाला?" मावशी म्हणाली. "आणि तुम्ही कुठे साधुसंत लागून गेलात? आठवडाभर शीळ वाजवत कोण फिरत होतं? मला वाटलं तुमच्या दातातून हवा जातेय!"

"तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं, मालक," पैलवान म्हणाला. "म्हणून तर आम्ही मदत करत होतो. तुम्हाला एकट्याला कुठे जमणार!"

"पण एकमेकांचं माहीत नव्हतं," मुलगी म्हणाली आणि मटकन कपड्यांच्या ढिगावर बसली. "मला वाटलं मी आणि बाबाच. म्हणून सगळं इतकं गार!"

इंजिनीअर कपाळ चोळत उभा होता. "म्हणजे डबा चांगला आहे?"

"डब्याला काही झालेलं नाही," मालक म्हणाला.

"मग आठवडाभर मी जो आलेख बघत बसलो... रात्री बायकोला दाखवला मी तो. म्हटलं, बघ, असंही असतं." त्याने कपाळावरचा हात काढला. "पण का?"

इंजिनीअरने खुर्चीकडे पाहिलं, स्वेटरकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्याचा चष्मा स्वच्छ होता. "अच्छा," तो हळूच म्हणाला. "खोलीमुळे."

मालक केबिनमधून बाहेर आला. मावशीच्या मनगटांकडे त्याचं लक्ष गेलं. रगडून रगडून ती सुजली होती. मुलगी ढिगावर बसली होती, आणि तिने ड्रायरचं बटण दाबणारा हात अजून पाठीमागे लपवला होता.

"पुन्हा मोजा," तो म्हणाला. "या वेळी खरं."

"बाबा, खरं मोजलं तर..."

"मला गणित कळतं," मालक म्हणाला. "थोडं."

"आपण सगळे हात खिशात घालून काम करू," पैलवान म्हणाला. त्याला उदार वाटत होतं. मावशीने त्याला काम कशाने करणार ते विचारलं.

मग पुन्हा मोजणी झाली. इंजिनीअरने खबरदारी म्हणून प्रत्येक बटणासमोर एक स्टूल टाकलं, त्यामुळे बटणापर्यंत जाणारा आधी स्टुलाला अडखळायचा आणि सगळ्यांना कळायचं. या मोजणीत इंजिनीअर स्वतःच जास्त वेळा पडला. सोमवारी सकाळी पाचही मशीनं घरघरायला लागली, चादरी कडक वाळल्या, टॉवेल फुगून आले. आणि आलेखात असा काही डोंगर उभा राहिला की इंजिनीअरने तो दाखवायला सगळ्यांना बोलावलं, तान्हं बाळ दाखवावं तसं. उंच तर होताच, पण माथाही चांगलाच रुंद होता. सगळी मशीनं एकदा लागली की बराच वेळ लागलेलीच राहत होती.

"माणसंही पुष्कळ लागणार आणि त्यांना उभंही पुष्कळ वेळ राहावं लागणार," तो म्हणाला. "दोन कपाटांएवढी बॅटरी. थोडी जास्तच धरतो, कारण ती दर वर्षी जराशी म्हातारी होणार." मग त्याने आवाज खाली आणला. "मालक, मी सगळीकडे जागा शोधली. जिन्याखाली ओल आहे. छतावर ऊन आहे. खोटं सांगत नाही."

"माहीत आहे," मालक म्हणाला. "मीही शोधली होती."

केबिन रिकामी करायला सगळे आले. स्वेटर मालकाने स्वतः काढला आणि कुठे ठेवावा ते न कळून अंगात घातला. त्याला तो खांद्यात आखूड आणि पोटावर घट्ट होत होता. मावशी काही बोलणार होती, पण तिने पहिल्यांदाच तोंडातलं वाक्य गिळलं. पैलवानाने लोखंडी फडताळ उघडलं आणि बाजूला उडी मारली, कारण आतून मोज्यांचा लोंढा आला.

सगळे एकेकटे. हॉटेलच्या, दवाखान्याच्या, क्लबच्या कपड्यांतून मागे राहिलेले, जोडीदार हरवलेले मोजे, कित्येक वर्षांचे. मालकाच्या बायकोने ते धुऊन, वाळवून, रंगांप्रमाणे लावून ठेवले होते.

"आई कशासाठी ठेवत होती एवढे?" मुलगी म्हणाली.

"दुसरा कधी ना कधी येतो म्हणायची," मावशी म्हणाली. "मी टाकून दे म्हटलं, तर आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. फार शांततेत गेला तो आठवडा."

सगळे जमिनीवर बसले. कुणी न सांगता प्रत्येक जण जोडी शोधू लागला. इंजिनीअरलाही राहवलं नाही. बॅटरी घेऊन आलेला ट्रक दारात हॉर्न वाजवत होता आणि हा मोज्यांत कोपरापर्यंत शिरला होता.

"जोडी!" तो ओरडला. "सापडली! हे बघा, एकसारखे आहेत!"

सगळे त्याच्याभोवती जमले. दोन काळे मोजे, कड तीच, टाच तीच. मालकाने ते हातात घेतले आणि त्याचा चेहरा उतरला. "असं होणार नाही," तो म्हणाला. "तिच्या नजरेतून सुटणार नाही."

"सुटते हो कधी कधी," इंजिनीअर समजुतीच्या सुरात म्हणाला.

"तिच्या नाही."

तो उठला आणि स्वेटरमध्ये आवळलेल्या हातांनी मोजे घेऊन ट्रकशेजारी उन्हात गेला. मागून सगळे गेले. उन्हात एक मोजा काळा दिसत होता. दुसरा गर्द निळा.

"निळा आहे!" पैलवान ओरडला.

"निळाच आहे," मुलगी म्हणाली. ती हसत होती आणि डोळे पुसत होती.

इंजिनीअरने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि मान्य केलं की निळा आहे.

ट्रक ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. बायकी स्वेटर घातलेला एक माणूस दोन मोजे उन्हात धरून उभा होता आणि चार जण त्याचं अभिनंदन करत होते.

"साहेब, बॅटरी उतरवायची आहे की नाही?" त्याने विचारलं. "जड आहे. कुठे ठेवायची ते एकदा सांगा, म्हणजे पुन्हा हलवायला नको."

मालकाने मोजे घडी न करता दोन वेगवेगळ्या खिशांत ठेवले.

"या इकडे," तो म्हणाला. "मी दाखवतो." आणि बॅटरी उतरवणाऱ्या माणसांपुढे चालत, हाताने वळणं दाखवत, त्याने त्यांना केबिनच्या दारापर्यंत नेलं.